पत कोणाच्या वहीत?

गेल्या पावसाळ्यात पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या मुलांबरोबर मी एक खेळ खेळले. साहित्य अगदी साधे : दोन मापे चिंचोके, फळा आणि खडू. दोघांनी समोरासमोर बसायचे. प्रत्येकाने हात पाठीमागे नेऊन मुठीत एक चिंचोका घ्यायचा किंवा मूठ रिकामी ठेवायची, आणि दोघांनी एकाच वेळी आपली मूठ समोरच्याच्या ओंजळीत उघडायची. मिळालेल्या चिंचोक्यावर शिक्षक आणखी एक चिंचोका घालतात. म्हणजे दोघांनीही दिला तर दोघांनाही एकेकाचा फायदा. एकाने दिला आणि दुसऱ्याने मूठ रिकामी ठेवली तर देणाऱ्याचा एक गेला आणि फसवणाऱ्याला दोन मिळाले. दोन्ही मुठी रिकाम्या असतील तर कोणाचेच काही हलले नाही.

प्रत्येक डावानंतर जोडीदार बदलायचा आणि आधीच्या जोडीदाराबद्दल फळ्यावर नोंद करवून घ्यायची : अनुभव चांगला की वाईट. या नोंदींवरून प्रत्येकाचा एक आकडा काढायचा. चांगल्या अनुभवांच्या संख्येत १ मिळवायचा, एकूण अनुभवांच्या संख्येत २ मिळवायचे आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागायचे. ज्याचा एकही डाव झालेला नाही त्याचा आकडा १/२, म्हणजे ०.५. दहापैकी नऊ अनुभव चांगले असतील तर १०/१२, म्हणजे सुमारे ०.८३. पुढचा जोडीदार निवडताना हा आकडा पाहायला मुभा होती. चार-पाच डावांतच बहुतेक मुठी भरलेल्या येऊ लागल्या, कारण फळ्यावर नाव खाली गेलेल्यांबरोबर बसायला कोणी तयार होईना.

हे सूत्र माझे नाही. 'उद्या सूर्य उगवेल याची संभाव्यता किती?' या प्रश्नाच्या निमित्ताने लाप्लासने ते अठराव्या शतकात मांडले होते. २००२ साली ऑडुन जोसांग आणि रोस्लान इस्माइल यांनी तोच गणिती विचार संगणकांच्या जगातली पत मोजण्यासाठी वापरला. संगणकांना पत कशाला हवी, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर असे. आपल्या मालकाच्या वतीने, दर वेळी त्याला न विचारता, स्वतः निर्णय घेऊन व्यवहार करणाऱ्या आज्ञावलीला सॉफ्टवेअर एजंट म्हणतात. जुन्या पेढीवरच्या मुनिमासारखाच हा प्रकार. फरक एवढाच, की या मुनिमाला झोप नसते आणि त्याच्यासमोर बसलेला दुसरा मुनीमही आज्ञावलीच असतो. अलीकडे मोठ्या भाषिक प्रारूपांवर चालणारे एजंट खरेदी, आरक्षण, पत्रव्यवहार अशी कामे करू लागले आहेत. या अनोळखी मुनिमांनी एकमेकांवर किती विसंबावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रयोगशाळेतला राहिलेला नाही.

या विषयावर गेल्या तीस वर्षांत पुष्कळ काम झाले आहे आणि त्यातले बरेचसे हुशारीचे आहे. तरीही ते वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे, आणि ती आधी त्या नववीच्या वर्गातच एका मुलीने बोलून दाखवली. तिच्याकडे नंतर येते. आधी कामाविषयी.

आरंभ बहुधा रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांच्या स्पर्धांपासून करतात. १९८०च्या सुमारास या राज्यशास्त्रज्ञाने आपल्या चिंचोक्यांच्या खेळासारखाच एक खेळ, 'कैद्यांचा पेच', संगणकावर मांडला आणि विद्वानांकडून डावपेच मागवले. पहिल्या स्पर्धेला चौदा प्रवेशिका आल्या, दुसरीला बासष्ट. दोन्ही स्पर्धा अनातोल रॅपोपोर्ट यांच्या सर्वांत लहान आज्ञावलीने जिंकल्या. तिचा डावपेच होता 'जशास तसे' : पहिल्या डावात सहकार्य करा, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केले तेच करा. निष्कर्ष सुंदर आहे, पण त्याला एक अट आहे. तोच गडी पुन्हा पुन्हा समोर यायला हवा. हजारो अनोळखी एजंटांच्या बाजारात तो पुन्हा भेटेलच असे नाही. तिथे स्वतःचा अनुभव अपुरा पडतो आणि दुसऱ्यांचे ऐकावे लागते. विश्वास हा दोघांतला मामला असतो. पत तिसऱ्याच्या तोंडून कळते.

१९९४ साली स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात स्टीफन मार्श यांनी विश्वास ही गोष्ट गणितात बसवण्याचा पहिला सविस्तर प्रयत्न आपल्या प्रबंधात केला. त्यांनी विश्वासाला उणे एकपासून अधिक एकपर्यंतची किंमत दिली, पण अधिक एक ही किंमत मुद्दाम वगळली. पूर्ण विश्वास ठेवला की विचार करायचे काही उरत नाही, मग त्याला विश्वास का म्हणावे? ही बारकाई मला फार आवडते. पण पुढे एखाद्या विशिष्ट प्रसंगातला विश्वास काढण्यासाठी ते उपयुक्तता, महत्त्व आणि सर्वसाधारण विश्वास यांचा गुणाकार करतात. आता माणूस अविश्वासू असेल आणि कामही तोट्याचे असेल, तर उणे गुणिले उणे म्हणजे अधिक! आठवीच्या मुलालाही ही अडचण दिसेल. सूत्र मांडले की ते आपल्याला नको असलेली उत्तरेही देऊ लागते. ही प्रारूपाची नामुष्की नव्हे, हाच त्याचा उपयोग आहे. आपल्या कल्पनेत कुठे भोक आहे ते त्यामुळे कळते.

जोसांग-इस्माइल यांच्या सूत्रातले भोक असे सहज दिसत नाही. समजा, कांद्याच्या एका खरेदीदाराच्या एजंटाने वीस वेळा दहा-दहा गोणी घेतल्या आणि प्रत्येक वेळी हिशोबपट्टीप्रमाणे पैसे चुकते केले. त्याचा आकडा २१/२२, म्हणजे ०.९५. एकविसाव्या खेपेला त्याने दोन ट्रक माल उचलला आणि पैसे बुडवले. नवा आकडा २१/२३, म्हणजे ०.९१. आकड्याच्या दृष्टीने तो अजूनही शंभरात नव्वदाच्या वरचा भला गृहस्थ आहे! बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, त्याचा आकडा वेगळा येईल. व्यवहाराच्या रकमेप्रमाणे वजन देणे, जुन्या अनुभवांचे वजन हळूहळू घटवणे अशा दुरुस्त्या आहेत, आणि घट मूळ लेखातच सुचवली आहे. पण किती घटवायचे हे गणित सांगत नाही, ते आपणच ठरवायचे.

२००३ साली स्टॅनफर्डमधील कामवार, श्लोसर आणि गार्सिया-मोलिना यांनी आणखी एक पाऊल टाकले. फाइली वाटून घेणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात खोट्या फाइली पसरवणारे ओळखायचे होते. त्यांची कल्पना अशी की, ज्याचे मत आपण ऐकतो त्याची स्वतःची पत किती, हेही हिशोबात धरावे. चांगल्या माणसाने चांगला म्हटलेला तो चांगला, पण चांगला माणूस कोण, तर ज्याला चांगल्या माणसांनी चांगला म्हटले तो. हे गोल फिरणे आव्यूहांच्या गणिताने सुटते. तेच गुणाकार पुन्हा पुन्हा केले की आकडे एका जागी स्थिरावतात. बारावीच्या मुलांना तीन जणांचा आव्यूह देऊन हे करून पाहता येईल. मात्र एक टोळी आपापसांतच एकमेकांची वाहवा करू लागली तर हिशोब तिच्याकडे ओढला जातो. म्हणून लेखकांना काही सभासद 'आधीपासून विश्वासू' असे ठरवून घ्यावे लागले. ते कोणी ठरवायचे? हा प्रश्न गणिताच्या दाराबाहेरच उभा राहतो.

पुन्हा वर्गाकडे. खेळाच्या दुसऱ्या भागात मी मुलांना दोन खोल्यांत बसवले आणि नावांऐवजी क्रमांक दिले. देणे-घेणे चिठ्ठ्यांनी, एक मुलगा पोस्टमन. नियम एवढाच वाढवला की, ज्याला वाटेल त्याने जुना क्रमांक टाकून नवा घ्यावा. थोड्याच वेळात फळा नव्या क्रमांकांनी भरून गेला आणि चिठ्ठ्या रिकाम्या येऊ लागल्या. कारण सूत्रातच आहे. नव्याचा आकडा ०.५, म्हणजे ज्याचा आकडा त्याच्याखाली गेला त्याला नाव बदलणे फायद्याचे. बरे, नव्याला शून्य द्यावे तर खरोखर नवा आलेला मुलगा कायमचा बाहेर बसतो. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक यांनी २००१ साली हेच सिद्ध केले : नावे स्वस्त असतील तिथे नव्या प्रामाणिक माणसांना इतरांच्या लबाडीची किंमत प्रवेशशुल्कासारखी मोजावी लागते. पुढच्याच वर्षी जॉन डूसर यांनी दाखवले की, ओळख प्रमाणित करणारी एखादी मध्यवर्ती संस्था नसेल तर एकाच माणसाला शंभर नावांनी वावरण्यापासून व्यवहारात रोखता येत नाही. या प्रकाराला ते 'सिबिल हल्ला' म्हणतात. अनेक व्यक्तिमत्त्वे असलेल्या एका स्त्रीवरच्या इंग्रजी पुस्तकावरून हे नाव घेतले आहे. आपल्याकडे कर्ज मागायला गेलेल्या शेतकऱ्याला 'सिबिल' म्हणजे पतगुणांक एवढेच ठाऊक असते. एकच उच्चार एकीकडे पत बुडवणाऱ्या युक्तीला आणि दुसरीकडे पत मोजणाऱ्या कंपनीला मिळावा, हा योगायोग गमतीचा आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. खेळ संपल्यावर आम्ही आकडे तपासत होतो. ती म्हणाली, "मॅडम, फळ्यावर लिहिणाऱ्यानेच खोटं लिहिलं तर?" फळ्यावर लिहिणारा मुलगा लाजला. त्याने आपल्या मित्राच्या खात्यात दोन चांगले अनुभव जास्तीचे टाकले होते.

ही सारी प्रारूपे वाचताना मला जे खटकते ते हेच. जवळजवळ प्रत्येक प्रारूपात पत हा एजंटाचा गुण धरला आहे, त्याच्या उंचीसारखा किंवा वजनासारखा. मोजणारा प्रामाणिक आणि मोजमाप थोडे अस्पष्ट, एवढेच गृहीत. साक्षीदार खोटे बोलतील याचा विचार पुष्कळांनी केला आहे. पण वही कोणाच्या हातात आहे, ज्याचे नाव तिच्यात आहे त्याला ती वाचता येते का, आणि साक्ष देणाऱ्याचे काय पणाला लागले आहे, हे प्रश्न बहुधा तळटीपेत राहतात. मला ते मुख्य मजकुरात हवेत, आणि त्यासाठी पारनेरपेक्षा चांगले गाव शोधून सापडणार नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी (हे भीमथडीतले सुपे, पारनेर तालुक्यातले नव्हे) शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. दंग्यांचे लोण लवकरच अहमदनगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, माणसांवर हात क्वचितच टाकला गेला. जमावाला हवी होती ती कागदपत्रे : कर्जरोखे, खाती, हुकूमनामे. ती मिळाली की जाळली. वहीच जाळायची, असा हा दंगा होता.

त्यामागची कारणे इतिहासाच्या शिक्षकांना परिचित आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला भाव आला आणि कर्जे सढळ हाताने मिळाली. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला. १८५९च्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. उद्देश व्याज फुगू नये हा, पण घडले उलटे. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात धरून नवा रोखा लिहिला जाऊ लागला. चौकशी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज लावलेले निघाले. कुळाला वाचता येत नव्हते. पावती मिळत नव्हती. अंगठा मात्र त्याचाच होता.

अनेक अभ्यासकांनी मांडलेला एक मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, म्हणजे गावात त्यालाही पत राखावी लागे. दिवाणी न्यायालये आल्यावर त्याला ती गरज उरली नाही, रोखा पुरेसा झाला. पत दुतर्फी होती ती एकतर्फी झाली. त्यावर गावाने पहिला उपाय केला तो बहिष्काराचा. १८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात तो घडला. म्हणजे सावकाराच्या नावापुढे गावानेही एक नोंद केली. वह्या जाळणे नंतरचे. (नील चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या इतिहासकाराने या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेल्याचे म्हटले आहे. दंग्यांच्या आकाराबद्दल ते बरोबर असतीलही, माझा मुद्दा वहीपुरता आहे.)

सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेला हा कायदा आजच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा. रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे. न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता त्यामागच्या व्यवहारांचा मूळपासून हिशोब काढावा. आणि कुळाला पावती, वर्षाचा खातेउतारा व मागितल्यास खातेपुस्तिका मिळाली पाहिजे. पत मोजण्याचे कोणतेही नवे सूत्र या कायद्यात नव्हते. वही कोणासमोर लिहावी आणि कोणाला दिसावी, एवढेच त्याने बदलले. कायद्याने कर्जबाजारीपणा संपला असे मुळीच नाही. पण प्रश्न कुठे आहे ते तो लिहिणाऱ्यांना कळले होते. आज पतगुणांक देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाला वर्षातून एकदा त्याचा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. तो याच जातीचा.

साक्षीदाराच्या बाबतीत १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्याने असेच शहाणपण दाखवले. ग्रामीण संस्थेतल्या सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. एकाने कर्ज बुडवले तर ते सर्वांच्या मानेवर. मग शेजाऱ्याबद्दल 'माणूस चांगला आहे' असे म्हणणे फुकटचे राहत नाही. प्रारूपांतल्या एजंटाला मात्र शिफारस करायला काही खर्च येत नाही. नवख्याचा प्रश्नही असाच सुटलेला दिसतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या खात्यात एकही अनुभव नव्हता, सूत्राप्रमाणे आकडा ०.५. भाग गोळा करण्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ पहिले अध्यक्ष झाले. नवख्या संस्थेसाठी कोणीतरी आपले कमावलेले नाव गहाण टाकले होते. बार्सिलोनाच्या साबाटेर आणि सिएरा यांनी २००१ साली मांडलेल्या प्रारूपात एजंटांमधल्या सामाजिक नात्यांना जागा दिली आहे. मी वाचलेल्यांत या वाटेवर सर्वांत पुढे गेलेले तेच. पण त्यातही नाते माहितीचा स्रोत म्हणून येते, जामीन म्हणून नव्हे.

सहकाराचे हे कौतुक इथेच आवरायला हवे. नगर अर्बन बँक १९१० साली स्थापन झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला आणि पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता नाही, असे कारण दिले. शंभर वर्षांहून जुन्या संस्थेचा आकडा आपल्या सूत्राने काढला असता तर तो एकच्या जवळ गेला असता. ठेवीदारांनीही मनात बहुधा असाच हिशोब केला होता. शंभर वर्षांचे अनुभव खरे असतीलही, पण ते त्या नावाचे होते. नावामागे बसून कर्जे मंजूर करणारी माणसे दर काही वर्षांनी वेगळी असतात.

एजंटांच्या बाबतीत हे अधिकच तीव्र होते. आज्ञावली एका रात्रीत बदलता येते. काल हजार व्यवहार चोख करणारा एजंट आज सकाळी त्याच नावाने, त्याच आकड्यासह उभा असतो, आणि आतले प्रारूप नवे असते. जुना लौकिक त्याला लागू करायचा का? मालकाने त्याच्या हजार प्रती काढल्या तर एकीने केलेल्या लबाडीचा डाग इतरांवर पडावा का? माझे मत असे की, पत एजंटाच्या नावावर न ठेवता मालकाच्या नावावर ठेवावी, प्रत्येक शिफारशीमागे जप्त होऊ शकेल अशी अनामत असावी, आणि ज्याच्याबद्दल नोंद झाली त्याला ती पाहण्याची व तिच्यावर उत्तर देण्याची सोय प्रारूपातच असावी. माझे सहकारी म्हणतात की, मग ते गणित राहत नाही, कायदा होतो. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही.

खर्च मात्र येतो. त्या मुलीच्या प्रश्नानंतर वर्गाने स्वतःच नियम बदलला : फळा बंद. प्रत्येकाने आपली वही ठेवायची, दोघांनीही दोन्ही वह्यांत नोंद करायची, एकमेकांच्या सह्या घ्यायच्या, आणि वाद झाला तर तिसऱ्याने दोन्ही वह्या समोर ठेवून पाहायच्या. त्या पद्धतीने आम्ही पुन्हा खेळायला बसलो. मधल्या सुटीची घंटा झाली तेव्हा तीनच डाव झाले होते आणि एक वाद अजून मिटायचा होता.